तारेचा कंप आणि घरचें ध्वनिमुद्रण



आजच्या भाषणाचा विषय नवा आहे; परंतु तो मी जुन्या वाटेनें मांडणार आहें. विजेची गिटार संगणकास जोडून घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करण्याची कला आतां आपल्या शहरांतल्या पुष्कळ घरांत शिरली आहे. गिटारींतून निघालेली एक तार मेजावरच्या लहानशा पेटींत जाते, पेटींतून दुसरी तार संगणकास जाते, आणि वाजविणारा मुलगा किंवा मुलगी कानांवर श्रवणयंत्र चढवून तासचे तास बसून राहते. खोलींत ऐकूं येते ती केवळ पोलादी तारांची पातळ टिकटिक. वडील मंडळींस हा नुसता छंद वाटतो. ज्यानें आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, त्याला मात्र यांत सुमारें दीडशे वर्षांच्या एका प्रवासाचा शेवट दिसतो.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमक्या सालीं अमुक यंत्र निघालें, मग त्याहून चांगलें दुसरें निघालें, अशी ती हकीकत असते. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. तिच्या पोटांत आणखी एक प्रश्न आहे, तो असा कीं, यंत्र कोणाच्या दारांत उभें होतें? कारण ज्याच्या दारांत यंत्र, त्याच्याच मर्जीनें कोणता आवाज टिकावयाचा आणि कोणता हवेंत विरून जावयाचा हें ठरत आलें आहे. आज हें यंत्र आपल्या घरांत आलें आहे, म्हणून या प्रश्नाचें उत्तर देण्याची पाळीही आपल्यावर आली आहे.

प्रथम आरंभाकडे वळूं. अमेरिकेंतील थॉमस एडिसन यानें सन १८७७ मध्यें आवाज टिपणारें व तोच परत ऐकविणारें पहिलें यंत्र सिद्ध केलें. पुढें दहा वर्षांनीं एमिल बर्लिनर यानें नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडी आणली. आवाज टिपण्याच्या कामीं या दोन्ही यंत्रांत विजेचा कांहीं संबंध नव्हता. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून खड्या आवाजांत गावयाचें, कर्ण्याच्या निमुळत्या टोंकाशीं ताणलेला पडदा हवेच्या धक्क्यानें थरथरावयाचा, आणि त्या पडद्यास जडविलेली सुई मेणांत रेघ कोरीत जावयाची. जेवढें बळ गळ्यांत, तेवढी ठळक रेघ. तंबोऱ्याची आंस, बोटानें छेडलेल्या तारेचा नाजूक झंकार, हलक्या आवाजांत गुणगुणलेली ओळ, यांतलें कांहींच त्या कर्ण्यास नीट ऐकूं येत नसे. तो कर्णा म्हणजे एक बहिरा पण मानी परीक्षक होता. त्याच्यापुढें मोठ्यानें बोलणाराच उत्तीर्ण होई.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तज्ज्ञ सन १९०२ मध्यें कलकत्त्यास आला आणि तेथल्या एका हॉटेलांत यंत्र मांडून त्यानें आपल्या देशांतील गायिकांचीं मुद्रणें केलीं. त्यांत गौहर जान ह्या विख्यात गायिका होत्या. गाणें संपतां संपतां त्या इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत. आज ऐकणारास ती एक लकब वाटते. परंतु तिला कारण होतें. मेणाच्या मूळ तबकड्या त्या वेळीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं पाठवीत आणि तेथें त्यांवरून विक्रीच्या तबकड्या काढीत. हिंदुस्थानी भाषेचें अक्षरही न जाणणाऱ्या तेथल्या कारागिरांस कोणतें गाणें कोणाचें हें समजावें कसें? म्हणून गाण्याच्या पोटांतच गाणाराचें नांव घातलें जाई. ही लहानशी गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग मला पुढें करावयाचा आहे.

सन १९०८ मध्यें कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना निघाला. त्या काळच्या तबकडींत लाख हा मुख्य बांधणारा पदार्थ असे; आणि ही लाख आपल्याच देशाच्या जंगलांतून, पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवरून खरवडून काढीत. मध्यप्रांताच्या रानांतील लाखही या व्यापारांत होती. म्हणजे आपल्या भागांतल्या रानकऱ्याचा हात तबकडीच्या घडणीला लागत होता. त्याचा गळा मात्र तबकडीवर क्वचितच उमटला.

तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. जो राग बैठकींत तासभर फुले, तो तीन मिनिटांत आवरून घ्यावा लागे. पुष्कळ थोर गवय्यांस हें मानवण्याजोगें नव्हतें. त्याचा परिणाम काय झाला तो पाहा. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) हीं महाराष्ट्राच्या गानइतिहासांतील केवढीं मोठीं नांवें! दोघांच्याही हयातींत तबकडीचें यंत्र आपल्या देशांत येऊन स्थिरावलें होतें. तरीही आज त्यांचें गाणें ऐकावयास मिळत नाहीं. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या तोंडून आणि लेखांतून जाणतों. उलट अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७), यांची एक भैरवी अमेरिकेनें १९७७ मध्यें अवकाशांत सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडींत घालून पाठविली. यानें निघालीं आणि त्याच सप्टेंबर महिन्यांत केसरबाईंचा देहांत झाला. गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरला नाहीं आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे गेला, एवढा फरक एका तबकडीनें पडला.

सरकारनेंही या यंत्राचा उपयोग केला. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या निमित्तानें सन १९१३ नंतरच्या वर्षांत निरनिराळ्या प्रांतांत, आपल्या मध्यप्रांतांतही, लोकबोलींच्या तबकड्या तयार करण्यांत आल्या. नमुना म्हणून बहुधा बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट बोलणाऱ्याकडून वदवून घेत. बोलींची तुलना करावयास ही रीत सोयीची होती यांत शंका नाहीं. पण त्या बोलणाऱ्यांजवळ स्वतःच्या गोष्टी होत्या, उखाणे होते, पाळणे होते. ते विचारण्याचा प्रसंग सहसा आला नाहीं. कंपनीच्या दारांत खपाऊ गाणें आणि सरकारच्या दारांत ठरविलेला नमुना, असा हा पहिल्या पर्वाचा सारांश आहे.

सन १९२५ मध्यें या व्यवहारांत वीज शिरली. कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. हवेचा कंप तो विजेच्या अल्प प्रवाहांत बदलतो. तो प्रवाह नळ्यांच्या साहाय्यानें हवा तेवढा वाढवितां येतो, आणि मग त्या वाढविलेल्या बळानें सुई चालते. आतां गळ्याचें बळ हीच एक पात्रता उरली नाहीं. हळुवार आवाजास दार मोकळें झालें, आणि त्याच दारानें मराठी भावगीत घरोघर आलें. या ठिकाणीं विदर्भास अभिमान वाटावा अशी दोन नांवें घेतलीं पाहिजेत. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता, आणि ती तबकडीवर गाऊन महाराष्ट्रभर पोहोंचविणारे विदर्भाचेच गायक जी. एन. जोशी. वकिलीचें शिक्षण घेतलेले हे जोशी पुढें ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या मुंबई शाखेंत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि दुसऱ्यांच्या कलेस यंत्रापुढें आणून बसविण्याचें काम त्यांनीं दीर्घकाळ केलें. त्यांचें नांव आपल्याला पुन्हां भेटणार आहे.

आतां गिटारीकडे येऊं. गोमंतकांत हें वाद्य पोर्तुगीजांच्या संगतीनें फार पूर्वींच रुळलें होतें. परंतु त्याचा आवाज मूळचा मंद. घरांतल्या मैफलींत तो शोभतो. कर्णे आणि ढोल असलेल्या वाद्यवृंदांत तो बुडून जातो. अमेरिकेंतील वादकांना ही अडचण नित्य भेडसावीत होती. तिच्यावरचा उपाय मायकेल फॅरॅडे यानें सन १८३१ मध्येंच शोधलेल्या नियमांत दडलेला होता. लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असावें आणि त्याच्या जवळ पोलाद हालावें, कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. सन १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशँप व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं हा नियम गिटारीस लावला. तारांच्या खालीं लोहचुंबक व बारीक तारेचे हजारों वेढे असलेलें वेटोळें बसविलें आणि विजेची गिटार जन्मास आली. वाद्याची घडण अशी होती कीं लोक तिला ‘तळण्याचा तवा’ म्हणत.

येथें एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचें सारें त्यावर अवलंबून आहे. मायक्रोफोन हवेचा कंप ऐकतो. गिटारीचें वेटोळें हवेकडे लक्षच देत नाहीं. तें पोलादी तारेचा कंप थेट घेतें. म्हणून आंतड्याची किंवा नायलॉनची तार तेथें मुकी ठरते. म्हणूनच खोलींत कोणी बोललें, रस्त्यावर भोंगा वाजला किंवा स्वयंपाकघरांत शिट्टी झाली, तरी त्याची छाया मुद्रणावर पडत नाहीं. भिंतींना गाद्या न लावतां, दारें-खिडक्या बंद न करतां नागपुरांतील वस्तीच्या घरांत हें मुद्रण शक्य होतें, याचें मूळ या भेदांत आहे.

ती पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजविण्याची होती. ही हवाई बेटांची पद्धत. आपल्या देशांत गिटार लोकप्रिय झाली ती प्रथम याच रूपानें. आणि त्याचें कारण आपल्या कानांत आहे. पडद्यांची गिटार एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारते. सरकत्या कांडीची गिटार एका सुरांतून दुसऱ्या सुरांत वाहत जाते. ज्या कानांना मींड प्रिय, त्यांना हें वाद्य परकें कां वाटावें? व्हॅन शिप्ली यांनीं विजेच्या हवाई गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या चालींच्या तबकड्या एका काळीं पुष्कळ घरांत असत.

चित्रसंगीतांत गिटारीला मानाचें पान देणाऱ्यांत एक नांव नागपूरशीं जोडलेलें आहे. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर (१९१८–१९८२), यांनीं नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयांत शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचे धडे घेतले. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) हेही सप्रेगुरुजींचेच विद्यार्थी. एका गुरूच्या ओसरीवरून एक शिष्य नाट्यसंगीताच्या व ख्यालाच्या शिखराकडे गेला आणि दुसऱ्यानें १९४७ च्या ‘शहनाई’ चित्रपटांत गिटार, तोंडानें वाजवावयाचा बाजा आणि शीळ यांची अशी जोडी जमविली कीं ऐकणारे चकित झाले. विलायती वाद्य घेतलें म्हणून घरचा सूर सुटतोच असें नाहीं, याला याहून चांगलें उदाहरण नको.

आणि जी. एन. जोशी? सन १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा ध्वनिमुद्रिकेचा प्रसिद्ध संच त्यांच्या देखरेखीखालीं निघाला. काश्मीरच्या दरींतील मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगणाऱ्या या संचांत शिवकुमार शर्मांचें संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बांसरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आहे. गिटारीवर राग वाजविण्याचा मान काब्रांनीं मिळवून दिला. एका हळुवार गीताच्या बळावर घरोघर पोहोंचलेल्या वैदर्भीय गायकानें गिटारीचा राग जगापुढें ठेवावा, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. यंत्राच्या दारांत असा रसिक उभा असला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण आहे.

तथापि दार अजून कंपनीचेंच होतें. चित्रपटांच्या गाण्यांत गायक व सारा वाद्यवृंद एकत्र बसून एका दमांत मुद्रण करीत. पन्नास वादकांतल्या एकाचें बोट घसरलें तर पन्नासांनाही पुन्हां आरंभापासून वाजवावें लागे. अशा ठिकाणीं शिकाऊ मुलाला कोण बसूं देणार?

ही कोंडी फोडली चुंबकीय फितीनें. जर्मनींत १९३५ मध्यें फितीचें यंत्र लोकांपुढें आलें आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरलें. फितीवर चूक पुसतां येते, फीत कापून जोडतां येते, आणि एकाच रुंद फितीवर शेजारी-शेजारी अनेक पट्टे मुद्रित करतां येतात. अमेरिकेंतील लेस पॉल या गिटारवादकानें या युक्तीचा असा पाठपुरावा केला कीं, एकटा मनुष्य स्वतःचीच साथ स्वतः करूं लागला. सन १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें खिशांत मावणारी कॅसेट आणली. १९७९ मध्यें त्याच कॅसेटवर चार पट्टे मुद्रित करणारें घरगुती यंत्र निघालें.

आपल्या नागपुरांत रेडिओ केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. आरंभींच्या काळांत रेडिओवरील बहुतेक भाषणें व गाणीं थेट प्रसारित होत आणि त्याच क्षणीं नाहींशीं होत. त्या काळचीं भाषणें आज वाचतां येतात तीं मासिकांनीं छापलीं म्हणून. वक्त्याचा स्वर, त्याचें थांबणें, त्याचा वऱ्हाडी किंवा झाडीकडचा हेल, हें मात्र कागदावर उतरलें नाहीं. पुढें १९८० नंतरच्या दशकांत कॅसेट स्वस्त झाली आणि कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. दीक्षाभूमीवर विजयादशमीच्या दिवसांत भीमगीतांच्या कॅसेटांचीं दुकानें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना हा बदल समजावून सांगावयास नको. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींचीं गाणीं गांवोगांव गेलीं तीं मुख्यतः गायनपार्ट्यांच्या तोंडून आणि अशा कॅसेटांतून. ज्या आवाजास मोठ्या कंपनीच्या दाराशीं ताटकळावें लागलें असतें, त्यानें आपलें दुकान स्वतःच मांडलें.

तसेंच दुसरें उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचें. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅ या दोघांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि कित्येकांचें ध्वनिमुद्रणही केलें. जातें थांबलें तेव्हां ओवीही थांबणार होती; ती थोडी तरी वाचली, कारण कोणी यंत्र घेऊन त्या बायांच्या ओसरीवर जाऊन बसलें.

आतां शेवटचें पर्व, आंकड्यांचें. सन १९३७ मध्यें ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानें अशी कल्पना काढली कीं, ध्वनीची रेघ कोरण्याऐवजीं तिची उंची ठराविक अंतरानें मोजीत जावी आणि ते आंकडेच साठवावे. शाळेंत आपण आलेख काढतों तसा हा प्रकार आहे. बिंदु पुरेसे जवळ असले कीं रेघ परत मिळते. किती जवळ? गणित असें सांगतें कीं, ज्या सर्वांत उंच स्वराचीं जितकीं आंदोलनें, त्यांच्या दुपटीहून अधिक मोजण्या झाल्या पाहिजेत. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० आंदोलनांपर्यंत ऐकतो. म्हणून १९८२ मध्यें विक्रीस आलेल्या काँपॅक्ट डिस्कसाठीं सेकंदास ४४,१०० मोजण्या ठरल्या आणि प्रत्येक मोजणीस ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी ठरली. एका मोजणीस दोन बाइट, डावा व उजवा असे दोन पट्टे, आणि मिनिटाचे साठ सेकंद, हा गुणाकार केला तर एका मिनिटास १,०५,८४,००० बाइट होतात. एके काळीं हा आंकडा संगणकास पेलवत नव्हता. १९९० नंतरच्या दशकांत तो साध्या घरगुती संगणकासही पेलवूं लागला. १९९६ मध्यें यूएसबी ही जोडणीची एकच रीत ठरली, आणि २००० सालीं ‘ऑडेसिटी’ नांवाचें मुद्रणाचें साधन कोणासही विनामूल्य मिळूं लागलें. एवढ्यानें दार खरोखरच घरांत आलें.

मग गिटार संगणकास जोडावयाची कशी? आमच्या शेजारचा एक कॉलेजांत जाणारा मुलगा मला हें दाखवीत होता, तेव्हां माझ्या ध्यानांत आलेल्या चार गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट भोंकाची. मधल्या पेटीला, जिला इंटरफेस म्हणतात, दोन प्रकारचीं प्रवेशद्वारें असतात; एक मायक्रोफोनसाठीं, एक वाद्यासाठीं. गिटारीचें वेटोळें हजारों वेढ्यांचें. त्याची वीज अत्यंत अशक्त. तिला मायक्रोफोनच्या दारांत घालणें म्हणजे वासरास भरलेली गाडी जुंपणें होय. आवाज मंद येतो आणि त्यांतलें तेज जातें. वाद्याच्या दाराचा विरोध सुमारें दहा लक्ष ओहम असतो. तेथें वेटोळ्यावर भार पडत नाहीं आणि तारेची झळाळी टिकते. संगणकाच्या अंगच्या मायक्रोफोन-भोंकांत गिटार थेट खुपसली तर आवाज मुळमुळीत येतो, त्याचें मुख्य कारण हेंच.

दुसरी गोष्ट पातळीची. आंकड्यांच्या मोजपट्टीला टोंक असतें. आवाज त्यापलीकडे गेला कीं, लाटेचा माथा कापला जातो आणि कर्कश फाटका ध्वनि उमटतो. तो मागाहून दुरुस्त होत नाहीं. म्हणून सर्वांत जोराचा आघात वाजवून पाहावा आणि पट्टीच्या टोंकापासून तो खालींच राहील अशी पातळी लावावी.

तिसरी गोष्ट गुणगुणीची. आपल्या घरांतील वीज सेकंदास पन्नास आवर्तनें करते, आणि तारेखालचें वेटोळें तीही ऐकतें. उलट दिशेनें जोडलेलीं दोन वेटोळीं वापरून ही गुणगुण मारण्याची युक्ति अमेरिकेंत १९५५ च्या सुमारास निघाली. घरांत मात्र गिटार संगणकापासून व दिव्याच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर धरून थोडी फिरविली, तरी पुष्कळ फरक पडतो.

चौथी गोष्ट विलंबाची. तारेचा कंप आंकड्यांत जाऊन, संगणकांतून फिरून, पुन्हां ध्वनि होऊन कानांत येण्यास थोडा वेळ लागतो. हा वेळ सेकंदाचा शंभरावा भाग असला, तर ध्वनीच्या वेगाच्या हिशेबानें तो सुमारें साडेतीन मीटर, म्हणजे साधारण अकरा फूट लांब बसलेल्या साथीदाराइतका होतो. इतकें अंतर वादकास चालतें. त्याच्या पांचपट झालें कीं ताल सुटतो. संगणक एका वेळीं किती आंकड्यांचा गठ्ठा उचलतो, तो गठ्ठा लहान केला म्हणजे विलंबही लहान होतो.

एवढें जमलें कीं एकटा विद्यार्थी प्रथम ताल, मग त्यावर स्वरांची साथ, मग त्यावर मुख्य चाल असे थर चढवूं शकतो. चुकल्यास पुन्हां वाजवितो. कोणाचा वेळ जात नाहीं, कोणी रागें भरत नाहीं. जें काम एके काळीं मुंबईच्या बंद दालनांत पन्नास माणसें करीत, तें महाल किंवा धरमपेठेंतल्या एका खोलींत होतें.

परंतु या लाभाबरोबर कांहीं गमावलेंही आहे, आणि तें सांगितल्याशिवाय माझें कर्तव्य पुरें होणार नाहीं. तीन मिनिटांची तबकडी जुलमी होती, तरी तिनें गवयास निवड शिकविली. काय ठेवावें आणि काय टाकावें हें आधींच ठरवावें लागे. आतां जागेला अंत नाहीं, म्हणून निवडही होत नाहीं. शंभरदां वाजविलेलें शंभरही ठिकाणीं पडून राहतें. दुसरें, पन्नास माणसें एकत्र वाजवीत तेव्हां एकमेकांचें ऐकण्याची शिस्त आपोआप लागे. स्वतःचीच साथ स्वतः करणाऱ्यास ती मुद्दाम शिकावी लागते. आणि तिसरी हानि सर्वांत मोठी. लाखेची तबकडी शंभर वर्षांनींही सुईखालीं बोलते. संगणकांतला आंकडा मात्र यंत्र बिघडतांच एका क्षणांत नाहींसा होतो, आणि तो नाहींसा झाल्याचें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

येथें गौहर जान यांची गोष्ट पुन्हां आठवावी. दूरदेशींच्या अनोळखी कारागिरासाठीं त्यांनीं आपलें नांव गाण्याच्या शेवटीं घातलें. म्हणून शंभराहून अधिक वर्षांनंतर तें गाणें कोणाचें हें विचारावें लागत नाहीं. आपल्या घरच्या संगणकांतील मुद्रणांवर काय लिहिलेलें असतें? ‘नवीन एक’, ‘नवीन दोन’, ‘शेवटचें’, आणि त्याच्याही पुढें ‘अगदीं शेवटचें’! आपल्या नातवंडांना यांतून काय उमगणार? भविष्यकाळ हाही एक दूरदेशच आहे, आणि तेथला कारागीरही आपल्याला ओळखणार नाहीं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं वाजविणाऱ्यानें आपलें नांव, गांव आणि तारीख स्वच्छ मराठींत बोलावी. महिन्याच्या शेवटीं जमलेल्यांतून एक-दोन निवडावीं, बाकीचीं निर्दयपणें पुसावीं. निवडलेल्यांच्या दोन प्रती कराव्या, आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्या. आणि शेवटची सूचना आईबापांस आहे. ती पेटी घरांत आलीच आहे, तर तिच्यांतलें मायक्रोफोनचें दुसरें दार मोकळें ठेवूं नका. आजीला पाळणा येत असेल, मामांना दंडार येत असेल, घरीं काम करणाऱ्या बाईंना भुलाबाईचीं गाणीं येत असतील, तर गिटार वाजविणाऱ्या त्याच मुलाला सांगा कीं, तासभर तुझें वाद्य बाजूला ठेव आणि यांचा आवाज घे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आपल्याला परत मिळणार नाहीं. ज्यांचा आवाज अजून घरांत आहे, त्यांच्याबाबत ‘यंत्र नव्हतें’ ही सबब मात्र आपल्या पिढीस सांगतां यावयाची नाहीं.